निवड समितीच्या तीन खुर्च्या

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही.

भुतं रात्री येतात म्हणे. आमच्याकडची भर दुपारी आली... चित्रकार संघाच्या हॉलमध्ये, गेल्या वर्षीच्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी.

संघाचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. लष्कराच्या भाकऱ्या, दुसरं काय! लिहिताना कळलं, संघ उभा करणाऱ्यांत माझी मावशीही होती. पण तिचं एकही चित्र संघाच्या भिंतीवर कधी लागलं नाही.

पद्धत अशी होती. निवड समितीचे तिघे खुर्च्यांवर बसायचे. चित्र समोर यायचं. एकानं जरी 'हो' म्हटलं, तरी चित्र भिंतीवर. नाहीतर खाली जमिनीवर, तोंड भिंतीकडे करून. चित्रकाराला दारातूनच कळायचं.

मावशीचं दर वर्षी जमिनीवर.

ते तिघेही कधीच वारले; त्यांच्या खुर्च्या मात्र हॉलमध्ये अजून तशाच. मावशी अंथरुणावर. डोळे मिटायच्या आत चित्र लागल्याचं ऐकायचंय, एवढंच म्हणायची. मी अध्यक्षांच्या हात धुवून मागे लागले. जुनी मढी कशाला उकरता, म्हणाले. शेवटी कंटाळून तयार झाले.

मी स्वतः खिळा ठोकला. चित्र टांगलं. हॉलला कुलूप लावलं, किल्ली माझ्याच पर्समध्ये.

सकाळी चित्र जमिनीवर...

तोंड भिंतीकडे.

खिळा जागेवर. दोरी शाबूत. मी शिपायावर तोंडसुख घेतलं, तो बिचारा शपथा घ्यायला लागला. अध्यक्ष म्हणाले, दोरी सैल असेल. सैल डोंबलाची! मी तार बांधली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. डोकं असं फिरलं की विचारू नका.

मग त्याच दुपारी चित्र परत टांगलं, दार आतून लावलं आणि समोरच बसून राहिले. बघतेच म्हटलं, कोण येतं ते.

पंखा बंद होता. बाहेर रस्त्यावरचा आवाज... हळूहळू येईनासा झाला.

मागे एक खुर्ची करकरली.

मग दुसरी... मग तिसरी.

कुणीतरी खाकरलं.

"नाही."

म्हाताऱ्या, कंटाळलेल्या माणसाचा आवाज.

"नाही." हा दुसरा.

अंगावर सर्रकन काटा आला. पण खरं सांगू? भीतीपेक्षा संतापच जास्त होता. मेलात तरी हेका सुटत नाही तुमचा? मी तिसऱ्याची वाट बघत राहिले. त्याचा श्वास ऐकू येत होता... पण शब्द नाही.

"बोला ना काहीतरी!" मी ओरडून मागे वळले.

तीन खुर्च्या. रिकाम्या.

पुन्हा समोर पाहिलं, तर भिंतीवर नुसता खिळा. चित्र खाली, पाठ करून.

घरी मावशीला काय सांगणार? म्हटलं, चांगली तार मिळाली नाही, उद्या लावते. ती छताकडे बघत पडून होती.

मग हळूच म्हणाली, "तिसरा अजून गप्पच बसतो का गं?"

हॉलमधलं मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी तिचा हात धरून बसले.

मावशी पुढच्याच महिन्यात गेली. चित्र मी अजूनही लावते. ते अजूनही खाली उतरतं.