न घातलेले पट्टे

नेलिदाने त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो एका हाताने पँट धरून तिच्या दुकानासमोर उभा होता. दुसऱ्या हातात उकडलेलं कणीस होतं. चोर दिसत नव्हता, तरी तिने मांडलेले पट्टे जरा आत ओढून घेतले.

"पट्टा हवाय," तो म्हणाला. "आत्ताच. हा हात सुटायच्या आत."

"कणीस ठेवा की खाली."

"गरम आहे हो. चीजसुद्धा आहे..."

नेलिदाने हसू दाबलं. पेरूतल्या ओयांताइताम्बोच्या बाजारात हमालांची गर्दी नेहमीचीच. पर्यटकांचे तंबू आणि भांडी पाठीवर घेऊन ही पोरं डोंगरातली जुनी वाट चार दिवस तुडवतात आणि पाचव्या दिवशी परत येतात. हाही त्यातलाच. नाव एफ्राइन, गाव वर, बटाट्यांच्या शेतांपलीकडे. त्याने उचलला तो चामड्याचा पट्टा – पितळी बक्कल, त्यावर पंख पसरलेला कोंडर, डोंगरातलं मोठं गिधाड.

"सॅक उचलता ना? मग हा नको," नेलिदा म्हणाली. "सॅकचा कमरेचा पट्टा बरोबर ह्याच्यावर बसतो. वीस किलो वजन दाबत राहतं आणि बक्कल पोटात रुततं."

"रुतू दे. रुबाब तर बघा!"

तिने खांदे उडवले. पट्टा कागदात गुंडाळला आणि वर लाल लोकरीची दोरी बांधली. ही दोरी ती रिकाम्या वेळात स्वतःच वळायची.

पाचव्या दिवशी तो परत आला. "कोंडर चावला," म्हणाला आणि त्याने जर्सी चार बोटं वर केली. बेंबीच्या डावीकडे पंखाच्या आकाराचं सोललेलं कातडं. नेलिदाने पटकन नजर वळवली. मग जखम नीट बघायला हवी, असं स्वतःला समजावून पुन्हा पाहिलं.

"हा घ्या. कापडी, पातळ. बक्कल प्लॅस्टिकचं, चपटं. ते मधोमध ठेवायचं नाही, हाडाच्या पुढे थोडं बाजूला सरकवायचं. आणि घट्ट आवळू नका. पँट सावरण्यापुरता पट्टा, वजन पेलायला सॅकचा पट्टा आहेच."

तो ऐकत होता... फारच लक्ष देऊन. पट्ट्याबद्दल इतकं मन लावून कोणी ऐकतं का? मधूनच त्याची नजर खांबाला बांधलेल्या तिच्या मागाकडे जात होती. तिथे ती स्वतःसाठी चुम्पी, कमरेला गुंडाळायचा लोकरी पट्टा, विणत होती.

पाच दिवसांनी तो पुन्हा हजर. "सरकतो."

"कुठे सरकतो?"

"इकडे... तिकडे."

तिने पट्टा बदलून इलॅस्टिकचा दिला. तो गेल्यावर परत आलेला पट्टा उन्हात धरून पाहिला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. चार दिवसांचा चढ, चिखल, घाम – पण घामाची पांढरी रेघ कुठेच नाही. बक्कल दाबतं तिथे पट्टी चपटी व्हायला हवी, तीही नाही. वास घेतला. दुकानाचाच वास.

"मावशी, ह्याने हा घातलाच नाहीये."

साबिना मावशी शेजारी बटाटे सोलत होती. "मला पहिल्या दिवसापासून संशय होता! पलीकडच्या दुकानातल्या रुफिनाने पाठवला असणार, तुझी नक्षी चोरायला. सारखा मागाकडे बघतो मेला. नाहीतर मग गावाकडे बायको असेल."

"बायकोचा काय संबंध?"

"अगं, कमरेला तिने विणलेली चुम्पी असणार! ती सोडून तो तुझा पट्टा कशाला घालेल?"

रुंद, मऊ, बक्कल नसलेली लोकरी चुम्पी – ओझ्याखाली तिच्याइतकं सुखाचं काही नाही, हे नेलिदाइतकं कोणाला ठाऊक! आणि पुरुषाच्या कमरेची चुम्पी त्याच्या घरची बाईच विणते. आधी आई, मग बायको. म्हणूनच मावशीचं बोलणं तिला कुसळासारखं टोचलं. कारण दर पाचव्या दिवशी ती हल्ली वेण्या दोनदा घालत होती. आणि ज्याच्यासाठी घालत होती, तो तिच्याशी सरळसरळ खोटं बोलत होता.

तो इलॅस्टिकचा पट्टाही परत घेऊन आला. "ताणला जातो." ह्या वेळी तिने तयारी ठेवली होती. नव्या पट्ट्याचं टोक आणि बक्कल आतल्या बाजूने पांढऱ्या दोऱ्याच्या एका टाक्याने जोडलं होतं. पट्टा घातला, तर टाका तुटणारच. ही फेब्रुवारीआधीची शेवटची खेप होती. नंतर वाट महिनाभर बंद, आणि तो गावी जाणार. आता कळलं नाही, तर तो अख्खा महिना शंका चघळण्यात जाणार होता.

पाचव्या दिवशी तो आला. जर्सी ओली, नाक उन्हाने सोललेलं.

"काचतो," म्हणाला.

नेलिदाने पट्टा उलटा केला. टाका जसाच्या तसा.

"हे काय आहे?"

"...दोरा."

"जर्सी वर कर."

"इथे? बाजारात?"

"त्या दिवशी कोंडरची जखम दाखवताना लाजला नाहीस ते!"

मावशीची सुरी थांबली. एफ्राइनने हळूच जर्सी उचलली. चुम्पी नव्हती. पँट बांधली होती लाल लोकरीच्या दोरीने. पहिल्या पुडक्यावरच्या, तिने वळलेल्या दोरीने. कमरेवर बारीक लाल वळ उठले होते.

"वेडा आहेस का? इतकी बारीक दोरी वजनाखाली कापते!"

"कापते," त्याने कबूल केलं. "पण बक्कल नाही. आणि... तू वळलेली आहे."

"आणि आईची चुम्पी?"

"आई गेली त्याला चार वर्षं झाली. चुम्पी गेल्या पावसाळ्यात झिजून तुटली."

नेलिदा हलक्या आवाजात म्हणाली, "मग पट्टे का नेत होतास?"

तो बुटांकडे बघत राहिला. "चुम्पी तोंडाने मागायची नसते. मागितली की... ती लग्नाची मागणीच झाली ना. मला वाटलं, दुकानातला एकेक पट्टा नापास झाला, तर शेवटी तूच म्हणशील – तुला चुम्पीच हवी."

"माझ्याकडे वीस प्रकारचे पट्टे असते तर?"

"वीस खेपा केल्या असत्या."

शंभर दिवस, तिच्या मनाने हिशेब केला. तिला हसू आलं आणि रागही. "खरं सांगितलं असतंस तर हे वळ तरी वाचले असते."

"आणि तू नाही म्हणाली असतीस तर? मग कुठल्या निमित्ताने आलो असतो?"

मावशी खाकरली. नेलिदाने तिच्याकडे बघायचं टाळलं आणि हात पुढे केला. "ती दोरी दे. माप राहील माझ्याकडे."

"आणि पँट?"

"पट्टा घाल की! हा घे, कापडी. ह्या वेळी खरंच घाल. बक्कल बाजूला."

त्याने पाठ फिरवून दोरी सोडली, पट्टा लावला. गाठीपाशी दोरी अजून गरम होती. "म्हणजे... तू हो म्हणतेयस?"

"माप घेतेय. माझा तपास अजून चालू आहे."

फेब्रुवारीभर ती विणत होती. गडद लाल, कडेला पांढरी रेघ, ओझ्याच्या कमरेसाठी चांगली चार बोटं रुंद. दोन ठिकाणी चुकली, उसवलं, पुन्हा विणलं. मावशी म्हणाली, "तो येईल कशावरून?" नेलिदा म्हणाली, "नाही आला तर मी घालीन." पण मापाची दोरी तिने रोज जवळ ठेवली.

मार्चच्या पहिल्या सकाळी तो दुकानासमोर उभा राहिला. दोन्ही हात मोकळे. नेलिदाने त्याच्या चेहऱ्याआधी पट्ट्याकडे पाहिलं. घामाची पांढरी रेघ... बक्कलखाली चपटी झालेली पट्टी... कडेला बटाट्याच्या शेतातली काळी माती. बक्कल हाडाच्या पुढे, बाजूला.

मग तिने चेहऱ्याकडे पाहिलं.

"पास?" त्याने विचारलं.

"हा पट्टा पास," ती म्हणाली, आणि मांडीवरची चुम्पी उलगडून, पुढे होऊन, स्वतःच त्याच्या कमरेभोवती गुंडाळू लागली. "तुझं अजून बघतेय. हात वर कर."