राखाडी कोटाचा वास

बिझर्त बंदरातल्या जुन्या कपड्यांच्या बाजारात बुधवारी गठ्ठे फुटतात. दलेंदा त्या दिवशी सकाळी सातच्या आत तिथे पोचलेली असे. समुद्रापलीकडच्या लोकांनी वापरून टाकलेले कपडे. त्यातले बरे निवडायचे, घरी आणून त्यांचा वास घालवायचा, फोटो काढायचे आणि इंटरनेटवर विकायला ठेवायचे. चार वर्षं ती आणि तिची आंधळी आई यावरच जगत होत्या.

वास घालवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. सिगारेटचा वास उन्हाने जातो, कुबट वास व्हिनेगरच्या पाण्याने, घामाचा खाण्याच्या सोड्याने. डांबराच्या गोळ्यांचा तेवढा चिवट. असा कपडा ती कॉफीच्या पुडीसोबत डब्यात आठवडाभर कोंडून ठेवी.

त्या बुधवारी गठ्ठे विकणाऱ्या हत्ताब काकांनी एका गठ्ठ्यातून एक राखाडी लोकरी कोट ओढून काढला आणि नाक मुरडलं.

"घेऊन जा गं. फुकट. कुणी हात लावेना याला."

"मेलं काय यात?"

"डिझेल सांडलंय बहुतेक. तुझ्या हाताला यश आहे, बघ."

पहिल्या दिवशी तिने तो व्हिनेगरच्या पाण्यात बुडवला आणि गच्चीवर टांगला. डिझेल बरंचसं उतरलं. पण त्याच्याखाली दुसराच वास होता, ओल्या दोरखंडासारखा, खारट. दुसऱ्या दिवशी सोडा चोळला, वाफेची इस्त्री फिरवली. खारटपणा उतरला आणि त्याच्याही खालून बडीशेप आली. बडीशेप आणि ऑलिव्हच्या तेलाचा हिरवा साबण.

दलेंदाने इस्त्री बाजूला ठेवली. 

तिचा धाकटा भाऊ वज्दी बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. हात हिरव्या साबणाने घासायचा, तरी डिझेल राहायचंच, आणि दिवसभर तोंडात बडीशेप. सात वर्षांपूर्वी एका पहाटे तो एका लाकडी बोटीतून इटलीकडे निघाला. ती बोट तिकडे पोचली नाही आणि इकडे परतलीही नाही.

आईचं, मबरूकाचं, हृदय तेव्हा नाजूक होतं. डॉक्टर म्हणाले होते, धक्का बसेल असं काही कानावर घालू नका. म्हणून दलेंदाने सांगितलं, 'तू झोपली होतीस ना, तेव्हा त्याचा फोन आला.' मग ते सुरूच राहिलं. वज्दीला सुताराकडे काम मिळालं. वज्दीचे कागद अडकलेत. वज्दीने ईदचा सलाम सांगितलाय. सात वर्षं.

'हिरवा साबण काय, अख्खं गाव वापरतं,' ती स्वतःशी म्हणाली. बडीशेपही कोण खात नाही? तिने कोट पुन्हा धुतला, पुन्हा टांगला.

तिसऱ्या दिवशी वाळवंटाकडून गरम वारा सुटला. दुपारी गच्चीवर पाय ठेववत नव्हता. दोरीवरचे सदरे पापडासारखे कडक झाले होते. कोटाच्या बाह्यांतून मात्र पाणी ठिबकत होतं. ती जवळ गेली. मग एक थेंब बोटावर घेऊन तिने जिभेला लावला.

खारट.

आणि तेव्हाच खालून आईचा आवाज आला. हळू, लाडातला. कुणाशी तरी बोलल्यासारखा.

"...हो रे... बस की... पुसते थांब..."

दलेंदा जिना उतरली. वाऱ्यामुळे खोलीच्या खिडक्या सकाळपासून बंद होत्या. कोट वर गच्चीवर होता. तरी दार उघडताच तो वास अंगावर आला. डिझेल, मीठ, बडीशेप, साबण, सगळं एकदम, पहिल्या दिवशीपेक्षाही दाट. मबरूका गादीवर बसली होती. तोंड कोपऱ्याकडे. कोपऱ्यात कुणी नव्हतं. आईच्या हातात ओला टॉवेल होता.

"कुणाशी बोलतेस, उम्मी?"

"हळू. त्याला थंडी वाजतेय."

"कुणाला...?"

मबरूकाने कान देऊन ऐकावं तशी मान कलती केली. मग म्हणाली,

"दलेंदा, तो म्हणतो, मी एकदाही फोन केला नाही."

दलेंदाने चौकट घट्ट धरली.  ती कसंबसं म्हणाली, "उम्मी... डॉक्टर म्हणाले होते... तुला काही झालं असतं तर मी..."

"मला ठाऊक होतं गं."

"काय?"

"डोळे गेलेत माझे, कान नाही. घरात फोन वाजला तर मला ऐकू येतो."

"मग सात वर्षं... तू काही बोलली का नाहीस?"

"तू त्याच्या गोष्टी सांगायचीस तेव्हा तुझा आवाज पहिल्यासारखा व्हायचा. तेवढ्यासाठी ऐकत होते."

दलेंदा खाली बसली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून सात वर्षांचं रडली. कोपऱ्याकडे बघायचं धाडस तिला झालं नाही. संध्याकाळी वारा पडला, तिने खिडक्या उघडल्या आणि वर गेली. कोट कोरडा ठणठणीत होता. त्याला लोकरीशिवाय कसलाही वास नव्हता. मबरूकाने मुलासाठी फातिहा, मृतांसाठीची प्रार्थना, म्हटली आणि सात वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवली. कोट विकायचा नाही, असं ठरलं. तो आईच्या पायाशी घडी घालून ठेवला.

धंदा चालू राहिला. पुढच्या आठवड्यात दलेंदाने नऊ पाकिटं पाठवली. प्रत्येक कपडा दोनदा धुतलेला, बंद करण्यापूर्वी तिने स्वतः नाकाशी धरून बघितलेला. कशालाही वास नव्हता.

शनिवारी जर्जिसहून एका बाईचा संदेश आला. तिने पांढरा सुती सदरा घेतला होता. 'वास येतो' एवढे शब्द दिसताच दलेंदाने कपाळाला हात लावला. मग पुढचं वाचलं.

"सदऱ्याला वास येतो. पैसे परत नकोत मला. एवढंच सांगा, तुम्हाला हा कुठे मिळाला? याला माझ्या मुलाचा वास आहे. तो आठ वर्षांपूर्वी बोटीने गेला."

काय लिहावं?  तेवढ्यात खाली दुसरा संदेश उमटला. महदियाहून, एका म्हाताऱ्या गृहस्थाचा. त्याने थंडीसाठी लोकरीची टोपी मागवली होती.

"मुली, टोपी नाकाशी नेली आणि वास लगेच ओळखला. ही तू कुठून आणलीस? बोटीत बसली तेव्हा माझी नात चार वर्षांची होती गं."