किमयाच्या नावाची भट्टी

रोह्याच्या धाटाव वसाहतीत, एका रंगांच्या कारखान्याच्या मागच्या अंगाला मृणालीची प्रयोगशाळा होती. प्रयोगशाळा आपली म्हणायची. खरं तर पत्र्याची एक लांब खोली, भिंतीशी हायड्रोजनच्या लाल टाक्या आणि मधल्या टेबलावर नारळाएवढं पोलादी भांडं. त्या भांड्यात कोळशाची पूड भरायची, वरून हायड्रोजन सोडायचा आणि पूड त्याला किती धरून ठेवते ते बघायचं. पुडीच्या कणाकणांत केसाहून हजारो पट बारीक पोकळ्या असतात, वायू त्यांत जाऊन बसतो. नव्व्याण्णव साल होतं. पुढेमागे धुराविना गाड्या चालवायच्या तर हायड्रोजन कशात तरी साठवायला हवा आणि ते काम कोळसाच करील, असं तेव्हा जगभर बोललं जात होतं. मृणालीचा कोळसा मात्र पालथा घडा निघाला. कितीही वायू ओता, आत काही मुरायचं नाही.

"हातचं सोडून पलत्याच्या मागं लागलीस तू," धनेश फोनवर चिडवायचा. धनेश तिचा नवरा. जोह्याला त्याचा गणपतींचा कारखाना होता आणि चार वर्षांची किमया त्याच्याजवळ असायची. मृणाली शनिवारी पेणला उतरून जोह्याची एसटी पकडायची आणि सोमवारी पहाटे लेकीला झोपेतच सोडून परत यायची. ते तिला दर वेळी तितकंच जड जायचं. नव्या नमुन्याला नाव द्यायची वेळ आली तेव्हा तिनं 'किमया' असंच दिलं. तिचे वरिष्ठ प्रवीण सर खूश झाले. त्यांना वाटलं, रसायनाची किमया.

करवंट्यांचा कोळसा ठमाबाई आणायची. डोंगराकडच्या कातकरवाडीत तिची भट्टी होती. जानेवारीतल्या एका दुपारी तिनं टोपली उतरवली तेव्हा मृणाली जरा त्राग्यानंच म्हणाली, "ठमाबाई, या खेपेला धरून ठेवील असा कोळसा दे बाई. एकदा धरलं की सोडता कामा नये."

ठमाबाईनं तिच्याकडे नीट पाहिलं. "कोनाच्या नावानं लावू भट्टी?"

"म्हणजे?"

"धरनारा पायजे म्हनतीस ना? मंग भट्टीचं तोंड लिपताना नाव घ्यावं लागतं."

हिला बाटलीवर चिकटवायचं नाव हवंय, अशी मृणालीची समजूत झाली. नमुन्याच्या नावाची चिठ्ठी तिच्या हातातच होती. "किमया," ती म्हणाली.

"बाईचं नाव हाय," ठमाबाई पुटपुटली आणि मान डोलावून गेली.

तो कोळसा आला. मृणालीनं नेहमीसारखाच दळला, भाजला, भांड्यात भरला. हायड्रोजन सोडला तसा दाबाचा काटा उतरू लागला. तिनं आणखी सोडला, काटा पुन्हा उतरला. कुठेतरी गळतंय, दुसरं काय असणार? तिनं प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावलं, पण एकही बुडबुडा फुटला नाही. मग भांडं तोललं. ते जड झालं होतं आणि जेवढा वायू दिला त्याहूनही जास्त जड. तिनं शेजारच्या विभागातला वजनकाटा आणून तोललं. तरी तेच.

"हे मोजण्यातच काहीतरी चुकतंय, सर."

"चुकू दे!" प्रवीण सरांना आनंद मावत नव्हता. "दिल्लीहून तपासायला माणसं येईपर्यंत त्याला हात लावू नकोस."

मृणालीला मात्र आनंदच होईना. आकडे बरोबर असावेत, की चुकीचे ठरावेत, हेच तिला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धनेशचा फोन आला. आवाजात चेष्टा नव्हती. "अगो, किमयाला काय झालंय समजत नाय. एका जागी बसल्ये. उचलाया गेलो तर उचलवली नाय."

"रुसली असेल. पोरं लाडात अंग सोडतात."

"आंग सोडलंन नाय गो. मी न् रंगारी, दोघांनी मिलून कशीबशी खाटंवर ठेवली. खाट करकरली."

"तिला दे बघू."

"आई," किमयाचा आवाज नेहमीसारखाच होता. "मी उठते गं. पण उठवत नाही."

मृणालीनं फोन ठेवला. भांड्याकडे बघायची तिला इच्छा नव्हती, तरी बघितलं. टाकी बंद होती आणि काटा आणखी उतरला होता. ती तशीच उठली आणि वाडीवर गेली.

ठमाबाई करवंट्या फोडत बसली होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

"तुजी लेक? मला वाटलं, कोनी दुखनेकरी हाय."

"दुखणेकरी कशाला?"

"आमची आय तशीच लावायची. जीव जायाला टेकला न् पोरगा लांब आसला, तर त्यो येईस्तोवर धरायला."

"आणि सोडवायचं कसं?"

"पोरगा यायचा, तोंड बघायचा. मंग मानूस मरायचा. आपसूक सुटायचं." ठमाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "जित्याला कवा धरलंच नाय गो बाय आमी."

हे सगळं खुळचटपणाचं आहे, असं वाटेत मृणाली स्वतःला बजावत राहिली आणि पावलं मात्र झपाझप टाकत राहिली. सर जेवायला गेले होते. तिनं भांड्याखालची विजेची शेगडी चालू केली आणि वायू छताबाहेर सोडणाऱ्या नळीची चावी थोडी उघडली. तापला की कोळसा वायू सोडतो. एवढं तरी तिला पक्कं माहीत होतं.

बराच वेळ काहीच झालं नाही.

मग काटा थरथरला.

हायड्रोजनला वास नसतो. पण खोलीत वास पसरला. खोबरेल तेलाचा, ओल्या शाडूचा, झोपेतून उठलेल्या पोरीच्या मानेचा.

मृणालीचा हात चावीवर गेला. बंद करावी? आपण काय सोडतोय? आणि अर्धंच सुटलं तर उरलेल्या अर्ध्याचं काय? तिला काही सुचेना. तिला फक्त भीती वाटत होती.

तिनं चावी पूर्ण उघडली.

वास विरत गेला. काटा शून्यावर आला. तोललं तर भांडं, आत कोळसा असूनही, रिकाम्या भांड्याएवढंच हलकं भरलं.

फोन वाजला. "अगो, उठली!" धनेश जवळजवळ ओरडतच होता. "आंगनभर पलते! एका हातानं उचलली मी, फुलावानी!"

मृणाली टेबलाला धरून खाली बसली आणि हमसून हमसून रडली.

जोह्याला ती पोचली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. कारखान्याच्या अंगणात धनेशनं पोरांना खेळायला ओल्या शाडूचा थर फळीवर थापून दिला होता. शेजारच्या पोरांच्या पंजांचे खोल ठसे त्यात उमटले होते. किमया त्यांच्यातच बसली होती, गाल लाल, केस विस्कटलेले.

"आई, बघ ना गं," ती म्हणाली.

तिनं दोन्ही पंजे मातीवर टेकवले, दात-ओठ खाऊन सगळा भार टाकला आणि हात उचलले.

"माझा ठसा उठतच नाही," ती हसत म्हणाली आणि त्या गुळगुळीत मातीवर तिनं पुन्हा हात ठेवले.