शिलेदारचा हिरवा दिवा

पॅडॉकमध्ये आठ घोडे गोल फिरत होते आणि आठांच्याही पुढच्या पायांवर हिरवे दिवे लुकलुकत होते. पॅडॉक म्हणजे शर्यतीआधी घोडे लोकांना दाखवायचं अंगण. कठड्याला रेलून माणसं शेंगा सोलत होती, हातातल्या पुस्तकावर खुणा करत होती, एकमेकांशी हुज्जत घालत होती. घोड्यांच्या पायांकडे मात्र कुणी बघत नव्हतं. दिवा हिरवा म्हणजे घोडा ठणठणीत, हे आता शाळकरी पोरांनाही ठाऊक झालं होतं.

डॉ. वैदेही शिरगुप्पे मात्र पायांकडेच बघत होती. तो पट्टा तिने बनवला होता, आणि घोड्यांची शर्यत ती आयुष्यात पहिल्यांदाच बघायला आली होती.

जयसिंगपूरजवळच्या एका पांजरपोळात तिने चार वर्षं म्हाताऱ्या, लंगड्या घोड्यांवर उपचार केले होते. पायाला इजा झाली की मज्जातंतू ती खबर विजेच्या बारीक लहरींनी मेंदूकडे धाडतात. खबर पोचली की दुखतं. वैदेहीचा शमनपट्टा उलट लहर सोडून ती खबर वाटेतच अडवायचा. मेंदूकडून स्नायूंना येणारे हुकूम मात्र तो जाऊ द्यायचा, म्हणून घोडा हिंडू-फिरू शके. पट्ट्याच्या पलीकडे काही निसटतंय का, ते दिवा सांगे. निसटलं तर लाल, नाहीतर हिरवा. पहिल्यांदा तो हिरवा झाला, तेव्हा महिनोन् महिने उभ्याने कण्हणारी एक घोडी मान टाकून गाढ झोपली होती, आणि वैदेही तिच्या शेजारी गवतावर बसून रडली होती.

पुढे कायदाच झाला. शर्यतीच्या घोड्याला वेदना होता कामा नयेत. पट्टा सक्तीचा. दिवा लाल दिसला तर घोडा बाद. त्या दिवशी वैदेहीने पांजरपोळात पेढे वाटले होते.

आणि आज पट्टा बनवणारी म्हणून ती इथे पाहुणी होती.

“पहिल्यांदाच आलात ना मॅडम?” पिवळ्या रेशमी सदऱ्यातला किडकिडीत जॉकी हसत म्हणाला. त्याचं नाव जयेश खाडे. “ओळखलं मी. बाकी सगळे आकडे बघतात, तुम्ही खूर बघताय.”

“तुमचा घोडा कुठला?”

“तो काय, तांबडा. शिलेदार. आज पळवतो बघा कसा!” मग त्याने खांदा चोळला. “तीन वेळा मोडलंय हे हाड. थंडीत ठणकतं. आमच्या मापाचा पट्टा कधी काढताय?”

“पुढच्या वर्षी,” वैदेहीही हसली. “चाचण्या चालू आहेत.”

तेवढ्यात शिलेदार थांबला. त्याला धरून चालणारा म्हातारा सईस, मौलाचाचा, खाली वाकला होता. सईस म्हणजे घोड्याला न्हाऊ-खाऊ घालणारा त्याचा सांभाळकर्ता. ताप आलेल्या लेकराच्या कपाळाला लावावी तशी हाताची उलटी बाजू त्याने घोड्याच्या गुडघ्याखालच्या नळीला लावली. मग दुसऱ्या पायाला. मग पुन्हा पहिल्या.

“चाचा, चला पुढं!” मागचा सईस ओरडला. “दिवे आलेत आता. तुमची नाडीपरीक्षा ठेवा घरी!”

हशा पिकला. मौलाचाचाने लगाम सोडला नाही. “गरम लागतोय,” तो म्हणाला. “डाव्यापेक्षा उजवा गरम लागतोय. हा पळायचा न्हाई आज.”

गळ्यात बिल्ला अडकवलेले पंच लगबगीने आले. “दिवा हिरवा आहे, मौला. काय कारण लिहू मी? तुझा हात?”

“लिवा की. चाळीस वर्सं हाच हात लिवत होता.”

पंचांनी वैदेहीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. “अहो, ज्यांनी पट्टा बनवला त्या इथेच आहेत! मॅडम, तुम्ही सांगा. पळू द्यायचा?”

सगळी तोंडं तिच्याकडे वळली. मौलाचाचाचंही. “बाई, हात लावून बघा की एकदा,” तो हळूच म्हणाला.

हात लावायला दोन पावलं पुढे जावं लागलं असतं. वैदेहीने दिव्याकडे पाहिलं. पांजरपोळात रोज हा हिरवा रंग बघून ती निर्धास्त घरी गेली होती. इथेही तेच घडलं. जिवाला बरं वाटलं, आणि तोंडून शब्द निघून गेला.

“चाचा, हिरवा आहे ना. त्याला काही दुखत नाहीये. पळू द्या.”

जयेशला वर चढवून मौलाचाचाने घोड्याच्या मानेवर थाप मारली.

घोडे शर्यत सुटते त्या फाटकाकडे निघाले. लोक गॅलरीकडे पळाले. वैदेहीही चालू लागली आणि पायरीवर एकदम थबकली. दुखत नाहीये. आपण हेच म्हणालो. दुखत नाही म्हणजे मोडलेलं नाही, असं कुठे आहे? दिवा पट्टा चालतोय एवढंच सांगतो. पट्ट्याखाली काय झालंय, ते त्याला कुणी विचारलेलंच नाही. आपणही नाही.

ती माघारी धावली. “अहो, थांबवा! त्या घोड्याला—”

फाटकं उघडली.

शिलेदार अप्रतिम पळाला. शेवटच्या वळणावर तो पाचवा होता, मग तिसरा, मग एकटाच पुढे. लोक बाकांवर चढून नाचत होते. रेघ ओलांडल्यावर जयेशने लगाम खेचला, आणि पुढच्या कठड्याजवळचे लोक टाळ्या वाजवता वाजवता गप्प झाले.

उजवा पाय नळीतून मोडला होता. खूर भलत्याच दिशेला वळला होता. वर दिवा हिरवा होता.

वैदेही धावत मैदानात पोचली, तोवर जयेश खाली उतरून गवतावर बसला होता. “मला काही कळलंच नाही, मॅडम,” तो तिला म्हणाला. “तो अडखळला नाही, काही नाही. त्यालाच कळलं नाही, तर मला कसं कळणार?” त्याचा हात खांद्यावर होता. पट्टा कधी काढताय, हे त्याने पुन्हा विचारलं नाही.

मैदानावरचे पशुवैद्य शिलेदारला कायमचं झोपवायची सुई भरत होते. आता दुसरा इलाज नव्हता. तेवढ्यात कान टवकारून शिलेदार मौलाचाचाकडे निघाला. शर्यत झाली की चाचाच्या खिशातला गुळाचा खडा त्याचा असे, नेहमीचाच रिवाज. मोडलेला पाय तो प्रत्येक पावलाला पुरता टेकवत होता.

“थांब. थांब रे राजा, हलू नकोस,” म्हणत मौलाचाचाच धावला. त्याने गुळाचा खडा पुढे केला. घोडा मजेत चघळू लागला.

वैदेही जवळ गेली. आता तिने हाताची उलटी बाजू त्या पायाला लावली. पाय तव्यासारखा तापला होता.

मौलाचाचाने घोड्याचं तोंड छातीशी धरलं होतं. तिच्याकडे न बघताच तो म्हणाला, “बाई, तुम्ही शिकलेल्या. दुखलं असतं तर ह्यानं मला सांगितलं असतं. आता पाय मोडलाय, हे ह्याला कुणी सांगायचं?”