सात दिवसांचा स्पर्शलेख

कुणाला नेमकी कोणती वस्तू लागेल ते सांगणाऱ्या गरजवेध यंत्रातून बाहेर आलेला कागद वाचून डॉ. शर्वाणी दाभोळे मटकन खुर्चीत बसली. कागद तिच्या वडिलांचा होता.

‘शिफारस : आवाजावर चालणारा टॅबलेट. हातात धरावा लागू नये. लेखणी निरुपयोगी. बावीस महिन्यांनंतर स्पर्श अशक्य.’

दत्ताराम दाभोळे समोरच बसले होते. वय चौऱ्याहत्तर. निम्मं आयुष्य त्यांनी मराठवाड्यातल्या बारवांचे, म्हणजे जुन्या पायऱ्यांच्या विहिरींचे, नकाशे हाताने काढण्यात घालवलं होतं. अकरा बारवा बाकी होत्या. आता ड्रॉइंग बोर्डापुढे उभं राहणं गुडघ्यांना झेपेना, म्हणून मांडीवर घेऊन काढता येईल असा, बऱ्या लेखणीचा टॅबलेट त्यांना हवा होता. एवढंच! दुकानात गेले असते तर अर्ध्या तासात काम झालं असतं. पण मुलगीच गरजवेधची शास्त्रज्ञ, मग दुकानदाराला कोण विचारतो?

त्यांनी तिच्या हातून कागद घेतला आणि दोनदा वाचला.

“मुजावरसाहेब, मला नीट सांगा. हे यंत्राला कसं कळलं?”

यंत्राचे जनक डॉ. मुजावर शेजारीच उभे होते. “काका, लोकांना गरज विचारली की ते हौस सांगतात. म्हणून आम्ही विचारतच नाही. चाचणीचा टॅबलेट सात दिवस घरी देतो. बोट किती दाबतं, कुठे अडखळतं, किती थरथरतं, याचा स्पर्शलेख तयार होतो. मज्जातंतूंचा आजार डॉक्टरला दिसायच्या दोन-तीन वर्षं आधी बोटांत उतरतो. टॅबलेट चार वर्षं वापरायचा, तर तो तेव्हाच्या हातालाही सोसायला हवा.”

“म्हणजे माझा हात जाणार.”

शर्वाणीला रडू आवरेना.

“बावीस महिन्यांत अकरा बारवा होत नाहीत,” दत्ताराम म्हणाले. “सहा होतील. फार तर सात.”

“सर, मूळ स्पर्शलेख उघडा,” शर्वाणी म्हणाली. “कुठेतरी चूक असेल.”

मुजावरांनी लेख पडद्यावर आणला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “सेकंदाला पाच स्पर्श? काका, तुम्ही इतक्या झपाट्याने टाइप करता?”

“मी कशाला? मला अक्षर शोधायलाच मिनिट लागतं.”

“आणि सात दिवसांत लेखणीची एकही रेघ नाही. तुम्ही काही काढलंच नाहीत?”

“काढायला हातात तर मिळायला हवा!” दत्ताराम वैतागले. “मी जरा चाचपडलो की ही म्हणायची, द्या बाबा इकडे, तुम्हाला नाही जमायचं. सगळं हिनेच केलं. मी आपला शेजारी बसून बघत होतो.”

शर्वाणीने सुटकेचा निःश्वास टाकला. बाबांचा हात शाबूत होता! ती हसलीसुद्धा. मग तिला मुजावरांचा चेहरा दिसला. ते पडद्याकडे नव्हे, तिच्या बोटांकडे पाहत होते.

तिचं हसू विरलं. यंत्राची चूक नव्हती. त्याला जो हात मिळाला, तो त्याने बिनचूक वाचला होता.

दत्तारामांना उमगायला थोडा वेळ लागला. मग ते गुडघ्यांवर जोर देऊन उठले आणि त्यांनी तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

“शर्वे, काय होतंय गं तुझ्या हातांना?”

“काही नाही, बाबा,” ती म्हणाली. “अजून काहीच नाही.”