झाकणाची डबी

मार्गशीर्षातली अमावास्या, रानात साजरी व्हायची येळवस होती. मैंदर्गीच्या शिवारात ज्याच्या त्याच्या रानात पूजा, भज्जी, आंबील. महेश्वर आंबिलीचं मडकं घेऊन जोंधळ्याभोवती शिंपत निघाला, आन् बांधावर बघतो तर काय... एक पोरगी पालथी पडलेली!

मडकं ठेवून पळालाच गडी. "ओ बाई! काय चावलं का काय?"

"सरका की... सावली पडतीय."

डोळ्याला भिंग, भिंगाखाली नखाएवढं निळं फूल. ही शेजारच्या बसप्पाची भाची, दानेश्वरी. सोलापूरला कॉलेजात झाडाझुडपांचंच शिकती.

"विष्णुकांता हाय ती," महेश्वर म्हणाला.

"मला बी आधी तसंच वाटलं. पन खोड चौकोनी लागतंय... मधी लाल डोळा. ॲनागॅलिस असंल. पार भूमध्य समुद्राकडची! पन पिकलं फळ बघितल्याबिगर खात्री न्हाय. आन् हितं हे एकच रोप, त्याला फळ न्हाय. बाकीचा बांध कुनी खरवडला?"

महेश्वरचं तोंड आंबिलीगत आंबट झालं. पाहुणे येणार म्हणून काल त्यानंच साफ केलेला.

"मीच..."

"शाबास! संध्याकाळी माझी गाडी हाय."

मग काय, दोघं कालच्या तणाच्या ढिगापाशी बसली. पूजेच्या कडब्याच्या कोपीतनं त्याची आई गुरम्मा जेवायला हाका मारतीय, ऐकतंय कोण! निवडता निवडता बोटाला बोट लागायचं. आधी चुकून... मग चुकून म्हणायला जागा उरली नाही.

"हे बगा!"

जोंधळ्याच्या दाण्याएवढं वाळकं फळ. तिनं नखानं हळूच दाबलं, आन् वरचा अर्धा भाग झाकणावानी अलगद उचलला. आत बी, दाटीवाटीनं बसलेलं.

वारं बी थांबल्यागत झालं.

"आयला..." महेश्वर आणखी खाली वाकला. "एवढ्याशा डबीला झाकण कुनी बसवलं असंल?"

आजवर किती उपटून फेकली असतील त्यानं, एकदा म्हणून बघितलं नव्हतं.

"तीच ती," दानेश्वरी पुटपुटली. डोळ्यांत पाणी.

दुपार कलली तसं बांधावरचं फूल मिटलं. महेश्वरनं ते बी तळहातावर घेतलं, बांधावर पेरलं.

"आता ह्यो बांध साफ करायचा न्हाय."

"का हो?"

"फुडच्या येळवसेला तुमाला यायला कारन पायजे की."

ती खळखळून हसली. "येडेच हाय तुमी! ते उकरल्या मातीतच येतंय. खरवडायचाच बांध. आन् फुडच्या येळवसेपतूर कोन थांबतंय? उगवलं का बगायला संक्रांतीलाच येते."

"संक्रांतीपतूर उगवतंय व्हय ते?"

"न्हाय..." तिनं भिंग मिटलं, त्याच्याकडं बघितलं. "ठाव हाय की मला."