प्रश्न उद्भवत नाही

लोकशाहीत प्रश्नासारखी पवित्र वस्तू नाही. आमदार प्रश्न मांडतो आणि सिंहासनं डगमगतात. डगमगून झाली, की तोच प्रश्न घरंगळत धुळ्याच्या एका कचेरीत प्रशीलच्या टेबलावर येतो, आणि प्रशील त्यावर चहाचा पेला ठेवतो.

उत्तर लिहायची विद्या त्याला हेडक्लार्क गिरधरनानांनी दिली होती. "मागच्या अधिवेशनाचं काढायचं, तारीख बदलायची. सरकार स्थिर राहतं भाऊ, त्यानं!"

शनिवारी तो बसनं जळगावला, मेहरूण भागातल्या आपल्या घरी जायचा. अशाच एका शनिवारी शेजारी मृणाली येऊन बसली. खिडकी सरकेना. दोघांनी मिळून ओढली, बोटांना बोटं लागली… खिडकी होती तिथेच राहिली. पुढे जो आधी येई, तो दुसऱ्यासाठी रुमाल टाकून जागा धरू लागला. खानदेशात ही साखरपुड्याच्या जरा अलीकडची पायरी.

ती एका आमदारांच्या कार्यालयात प्रश्न तयार करायची.

"आणि तुम्ही?"

"मी… सरकारी."

"सरकारी म्हणजे काय?"

"जनरल."

तिचे प्रश्न आपल्याच टेबलावर येतात, हे त्यानं सांगितलं नाही. त्याला त्यात गंमत वाटायची. तो पाण्याची बाटली पुढे करी, ती मान हलवून नको म्हणे. लाजते, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

मग एका शनिवारी मधल्या थांब्यावर बस पंक्चर झाली. सगळे उतरले. टायर काही निघेना. मृणाली बाकावर चुळबुळत राहिली, मग उठून थांब्यामागे गेली आणि लगेच परत आली… चेहरा उतरलेला.

"काय झालं?"

"बायकांचं स्वच्छतागृह. कुलूप आहे."

शेजारी शेंगा विकणाऱ्या आक्काबाई हसल्या. "कुलूपच शे ना बेटा! मी तं उघडं कधी देखंच नही."

"आम्ही विचारलं होतं हो," मृणाली प्रशीलला म्हणाली. "थांब्याचं नाव घालून. कुलूप आहे, हे खरे आहे काय? उत्तर आलं, 'हे खरे नाही.' मग कारणं काय? 'प्रश्न उद्भवत नाही.' म्हणून तर मी प्रवासात पाणी पीत नाही. तुमची बाटली दर वेळी…"

"मला वाटलं, लाजता."

"पाण्याला?"

एरवी तो हसला असता. आज कान तापले. दर शनिवारी तो इथेच उतरून चहा घेई, पुरुषांच्या बाजूला जाऊन येई. कुलूप पलीकडच्याच दारावर होतं. एकदासुद्धा मान वळवली नव्हती.

"भेटायला हवा एकदा तो उत्तर लिहिणारा," ती म्हणाली. "बाटलीभर पाणी पाजीन आणि इथे या बाकावर आणून बसवीन."

गप्प राहिलं तर पुढच्या शनिवारी रुमाल होता. बोललं तर…

"बसलाय," प्रशील म्हणाला.

"कुठे?"

"तुमच्या शेजारी. मीच लिहिलं ते. न बघता."

मृणालीनं पर्स उचलली आणि दोघांच्या मध्ये ठेवली. एवढीशी पर्स, पण सबंध तापी मध्ये आल्यासारखं वाटलं त्याला.

"सोमवारी दुरुस्ती पाठवतो. 'हे खरे आहे' अशी. नाना ओरडतील, ओरडू देत." त्यानं मान खाली घातली. "आणि… आज हे बोलायची लाज वाटते, पण तुम्ही मला फार आवडता. नाही म्हणालात तरी चालेल. म्हणजे चालणार नाही… पण मला तेच साजेल."

तिनं एकदा समोरच्या टायरकडे पाहिलं. मग तिनं पर्स उचलून मांडीवर घेतली.

"ऐकलं. दोन्ही ऐकलं," ती म्हणाली. तिचं बोट हलकेच त्याच्या बाहीवर टेकलं. तो श्वास रोखून थांबला. ती जवळ झुकली, डोळे ओले, गाल लाल…

"आधी त्या आक्कांना विचारा ना, त्यांचं घर जवळ आहे का?" ती कुजबुजली. "मला अजून जायचंय."